तहान लागल्यावर खणलेली विहीर : ब्रिटिश कोलंबियातल्या पाईनचं प्रकरण

आरतीच्या ताटातली कापराची वडी पेटवण्याआधी एकदा नाकाजवळ धरून पाहा. आज बाजारात मिळणारा बहुतेक कापूर कापराच्या झाडापासून येत नाही. तो टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो आणि टर्पेंटाइन येतं पाईनच्या राळेतून. त्यातला एक प्रमुख घटक म्हणजे अल्फा-पायनीन, दहा कार्बन अणूंचा, हवेत चटकन उडून जाणारा रेणू. आपण त्याचा कापूर करतो. पाईनच्या झाडाने तो स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बनवलेला असतो. आणि कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबिया या प्रांतात, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा हाच रेणू पोटात घेतो, त्यात थोडा फेरफार करतो आणि त्याच्याच वासाने आपल्या जातभाईंना त्या झाडावर बोलावून घेतो.

वनस्पतींच्या संरक्षक जनुकांबद्दल शिकवताना मी दरवर्षी याच प्रकरणापासून सुरुवात करते. ताण आला की झाडाची संरक्षक जनुकं 'चालू' होतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतं आणि विद्यार्थी ते बटण दाबून दिवा लावल्यासारखं समजतात. दिवा लागला म्हणजे झाड वाचलं, असा त्यांचा समज होतो. ब्रिटिश कोलंबियात या भुंगेऱ्याच्या साथीत कोट्यवधी झाडं मेली. त्या झाडांच्या जातीत ही जनुकं आहेत आणि ती चालूही होतात. मग अडलं कुठे, हे पाहायचं तर झाडाच्या सालीत शिरावं लागतं.

काय घडलं

झाड लॉजपोल पाईन. उंच, सडसडीत, सरळसोट खोडाचं. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी आपल्या निमुळत्या तंबूंसाठी याच झाडाचे वासे वापरत, त्यावरून इंग्रजीत हे नाव पडलं. कीटकाचं नाव माउंटन पाईन बीटल. लांबी सुमारे 5 मिलिमीटर, रंग काळा. तो या जंगलांत हजारो वर्षांपासून आहे, बाहेरून आलेला नाही. एरवी तो म्हाताऱ्या, वणव्यात भाजलेल्या किंवा वाऱ्याने मोडलेल्या झाडांवर गुजराण करतो. दर काही दशकांनी त्याची साथ येते आणि ओसरते.

1990 च्या दशकात ट्वीड्सम्यूर प्रांतिक उद्यानाच्या परिसरात सुरू झालेली साथ मात्र ओसरली नाही. ती पूर्वेला पसरत गेली. व्हँडरहूफ, क्वेनेल, प्रिन्स जॉर्ज या लाकडावर जगणाऱ्या गावांभोवतीचे डोंगर आधी तांबडे आणि मग राखाडी झाले. 2004-05 च्या सुमारास साथ शिगेला पोहोचली. एकूण झळ पोहोचली ती सुमारे 1.8 कोटी हेक्टर क्षेत्राला. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे 3.08 कोटी हेक्टर आहे. म्हणजे आपल्या राज्याच्या निम्म्याहून मोठा पट्टा. प्रांतातल्या विकण्याजोग्या पाईनच्या लाकडापैकी निम्म्याहून जास्त, 70 कोटी घनमीटरच्या आसपास, उभ्या जागी मेलं. कॅनडाच्या वनसंशोधकांनी 2008 मध्ये हिशेब मांडला. त्यांनी अभ्यासलेल्या 3,74,000 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातून 2000 ते 2020 या काळात या भुंगेऱ्यामुळे 27 कोटी टन कार्बनचा तोटा होईल, असा तो होता. जे जंगल हवेतला कार्बन शोषून घ्यायचं, ते उलट सोडू लागलं.

कारणं दोन मोठी आणि तिसरं कमी दिसणारं पण महत्त्वाचं. पहिलं, थंडी. या भुंगेऱ्याच्या अळ्या सालीखाली हिवाळा काढतात, अंगात ग्लिसरॉल साठवून गोठण्यापासून वाचतात. भर हिवाळ्यात पारा उणे 40 अंशांच्या आसपास काही दिवस राहिला, तरच त्या मोठ्या संख्येने मरतात. तसे हिवाळे विरळ झाले. दुसरं, जंगलाचं वय. विसावं शतकभर माणसाने वणवे विझवले. त्यामुळे ऐंशी-शंभर वर्षांची, जाड सालीची, भुंगेऱ्याला हवी तशी झाडं एकाच वेळी, शेजारी शेजारी, मैलोन्‌मैल उभी राहिली. शतकाच्या सुरुवातीला बळी पडू शकेल अशा वयाच्या पाईनचा जो वाटा होता, तो शतकअखेर तिपटीच्या आसपास गेला होता.

तिसरं कारण पाणी. त्याच्याकडे पुढे येते, कारण जनुकांचा प्रश्न खरा तिथेच आहे.

सालीच्या आत

जुलै संपत आलेला असतो. हवा तापलेली. एक मादी उडत येते, खोडावर उतरते, सालीच्या खाचेत तोंड घालून कुरतडायला लागते. तिला सालीच्या आतला मऊ, गोडसर थर हवा असतो, म्हणजे रसवाहिन्यांचा थर, जिथून पानांत तयार झालेली साखर खाली मुळांकडे जाते. तिथे ती उभं बोगद्यासारखं भुयार खणणार आणि अंडी घालणार.

तिचं तोंड पहिल्या राळवाहिनीला लागतं आणि राळ फुटून बाहेर येते. यात जनुकं चालू होण्याचा अजून संबंध नाही. ही राळ आधीच भरून ठेवलेली होती. राळवाहिनीभोवती अस्तरासारखा पेशींचा थर असतो, त्या पेशी पाण्याने टम्म फुगलेल्या असतात आणि त्यांच्या दाबामुळे आतली राळ ताणून धरलेली असते. छिद्र पडलं की ती पिचकारीसारखी सुटते. मादी कधी त्यात बुडून मरते, कधी बाहेर ढकलली जाते. खोडावर तिथे राळेचा आणि भुशाचा एक पांढुरका-पिवळा गोळा जमतो, थेट मक्याच्या लाहीसारखा. ज्या झाडाच्या खोडावर अशा पांढऱ्या लाह्या दिसतात आणि त्यांत भुंगेरे अडकलेले असतात, त्याने तेवढे हल्ले परतवलेले असतात. लाही तांबूस असेल, तिच्यात लाकडाचा भुसा मिसळलेला असेल, तर भुंगेरा आत पोहोचला.

जखम होताच दुसरी गोष्ट सुरू होते आणि ती संथ आहे. जखमेजवळच्या पेशींत कॅल्शियमचे आयन शिरतात, ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात. पेशीच्या पटलातून लिनोलेनिक आम्ल सुटं होतं आणि काही विकरांच्या (एन्झाइमांच्या) साखळीतून त्याचं जॅस्मोनिक आम्ल बनतं. नाव ओळखीचं वाटेल. या संप्रेरकाचं एक रूप आधी जाई-चमेलीच्या सुगंधी तेलात सापडलं, म्हणून हे नाव. आपल्या गजऱ्यातला वास आणि पाईनच्या जखमेतली हाक एकाच घरातली आहेत. हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं आणि वर्गात नेमकं हेच मुलांच्या लक्षात राहतं.

या हाकेने जनुकं कशी जागी होतात, ते मुख्यतः अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर उलगडलं. एरवी जाझ नावाची प्रथिनं संरक्षक जनुकांना चालना देणाऱ्या प्रथिनांना दाबून धरतात. जॅस्मोनिक आम्लाला आयसोल्यूसीन हे अमिनो आम्ल जोडलं गेलं की तो जोड एका ग्राहक-प्रथिनात बसतो, जाझवर 'मोडीत काढा' असा शिक्का पडतो, ती तोडली जातात आणि दाब उठतो. म्हणजे संरक्षण चालू करणं हे प्रत्यक्षात ब्रेक काढणं आहे. सूचीपर्णी वृक्षांत याच साखळीची भावंडं आहेत. नॉर्वे स्प्रूस या पाईनच्या नात्यातल्या झाडाच्या खोडाला मिथिल जॅस्मोनेट नुसतं लावलं, कुठलीही जखम न करता, तरी त्याच्या लाकडात नव्या राळवाहिन्या उभ्या राहतात आणि राळेचं प्रमाण कित्येक पट वाढतं, हे 2002 मध्ये दाखवलं गेलं.

ब्रेक निघाला की वेगवेगळ्या जनुकांची पलटण कामाला लागते. टर्पीन, म्हणजे अल्फा-पायनीनसारखी राळेतली द्रव्यं, बनवणाऱ्या विकरांची जनुकं: हा एक भला मोठा परिवार आहे आणि एकेक सदस्य वेगळं टर्पीन बनवतो, कुणी अल्फा-पायनीन, कुणी बीटा-फेलँड्रीन, कुणी लिमोनीन. त्यांना कच्चा माल पुरवणारी जनुकं. राळेतला घट्ट, चिकट भाग म्हणजे राळआम्लं बनवणारी, सायटोक्रोम पी-450 कुळातली जनुकं. बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन तोडणाऱ्या कायटिनेजची जनुकं. फिनॉल वर्गातली द्रव्यं बनवणारी, ज्यांत पायनोसिल्विन हे पाईनचं खास बुरशीनाशक येतं. शेवटी, खोडाच्या वाढीच्या थरातच बदल होतो: लाकडाच्या पेशींऐवजी नव्या राळवाहिन्या तयार होऊ लागतात.

जनुकांची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, वाढायला काही तास लागतात. टर्पीनं साठायला दिवस लागतात. नव्या राळवाहिन्या तयार होऊन भरायला आठवडे लागतात. या प्रकरणाचा सगळा पेच या तीन वेळांत आहे.

भुंगेऱ्याचं घड्याळ

राळेच्या पिचकारीतून एखादी मादी निसटली आणि भुयार खणू लागली की तिच्या पोटात झाडाचं अल्फा-पायनीन जातं. तिच्या शरीरात त्याचं ट्रान्स-व्हर्बेनॉल होतं आणि ते हवेत पसरतं. आसपासच्या माद्यांना आणि नरांना ही दवंडी असते: इथे या. झाडाच्या राळेतून उडणारं मिर्सीन ही दवंडी आणखी ठळक करतं. नर येतात, तेही आपला वास सोडतात. दोन-तीन दिवसांत शेकडो भुंगेरे त्या एका खोडावर उतरतात.

इथे एक आकडा फार बोलका आहे. लॉजपोल पाईनच्या बाबतीत चौरस मीटरमागे सुमारे 40 हल्ले ही सीमारेषा 1980 च्या दशकात मोजली गेली. त्याखाली झाड बहुधा तगतं, त्यावर बहुधा जातं. 30 सेंटिमीटर व्यासाचं खोड घ्या. घेर सुमारे 94 सेंटिमीटर. खालच्या 5 मीटर खोडाची साल धरली तर 4.7 चौरस मीटर. म्हणजे 190 च्या आसपास भोकं. ऐंशी वर्षांचं झाड आणि दीड-दोनशे भुंगेरे. प्रत्येक भोकातून राळ वाहते, साठा संपत जातो, वाहिन्यांतला दाब उतरतो. नव्या राळेचा पुरवठा जनुकं सुरू करतात तोवर जुनी राळ संपलेली असते. झाड पुरेसं भरलं की भुंगेरे स्वतःच व्हर्बेनोन सोडतात, 'इथे आता जागा नाही' असा उलटा संदेश, आणि नवे येणारे शेजारच्या झाडाकडे वळतात. लहान प्रमाणावर झाडं वाचवायला आज हेच व्हर्बेनोन पुड्यांत भरून खोडांवर टांगतात.

आपल्याकडे म्हण आहे, तहान लागल्यावर विहीर खणायची. लॉजपोल पाईनच्या या दुसऱ्या फळीचं वर्णन मला याहून नेमकं सापडलेलं नाही. विहीर खणायचं कसब झाडाकडे पुरेपूर आहे. पाणी लागायला तीन आठवडे लागतात आणि तहान तीन दिवसांत जीव घेते.

भुंगेरे एकटे येत नाहीत. तोंडाजवळच्या बारीक खिशांतून ते बुरशी आणतात. त्यांतली ग्रोस्मानिया क्लॅव्हिजेरा सगळ्यांत आक्रमक. सालीतून लाकडात शिरून ती जलवाहिन्यांची वाट अडवते, लाकडाला निळसर रंग येतो. झाडाचं रासायनिक शस्त्र तिच्यावर उलटावं, अशी अपेक्षा असते. 2011 मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा कळलं की टर्पीनांना तोंड देण्यासाठी तिच्याकडे स्वतःची जनुकं आहेत. त्यांतलं एक प्रथिन ही विषारी द्रव्यं पेशीबाहेर फेकणारा पंपच आहे. इतकंच कशाला, काही टर्पीनं ती अन्न म्हणून वापरू शकते. पाईन जनुकं चालू करतो तेव्हा समोरची बुरशीही आपली जनुकं चालू करत असते. ही लढत एकतर्फी शिकवली की अर्धीच शिकवली जाते, आणि याची मला खंत वाटते, कारण आपली बहुतेक पाठ्यपुस्तकं तशीच शिकवतात.

या झाडाचं मरणं बाहेरून लगेच कळत नाही. ऑगस्टमध्ये वेढलं गेलेलं झाड सप्टेंबरात हिरवंगार असतं, हिवाळाभर हिरवं राहतं. सालीखाली रसवाहिन्या कुरतडल्या गेल्या, पाण्याची वाट बंद झाली, तरी सुयांना ते कळायला पुढचा उन्हाळा लागतो. मग त्या तांबड्या होतात. आणखी दोन-तीन वर्षांत गळून पडतात. हेलिकॉप्टरमधून पाहणी करणाऱ्याला तांबडं झाड दिसतं तेव्हा त्यातले भुंगेरे केव्हाच दुसरीकडे गेलेले असतात.

पाण्याचा हिशेब

आता तिसरं कारण. ब्रिटिश कोलंबियातली साथ दुष्काळाने सुरू केली, असं म्हणणं बरोबर होणार नाही. सौम्य हिवाळे आणि म्हातारं जंगल यांचा वाटा मोठा आहे. पण 2003 सारखे कोरडे उन्हाळे मध्ये आले. त्या वर्षी ऑगस्टात केलोनाजवळ मोठा वणवा पेटला होता आणि प्रांताचा दक्षिण भाग रखरखीत झाला होता. अशा उन्हाळ्यात पाईनची जनुकं काय करतात?

पाणी कमी पडलं की मुळांत आणि पानांत ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पर्णरंध्रे मिटतात. सुयांतून पाणी जायचं थांबतं, पण कार्बन डायऑक्साइड आत यायचाही थांबतो. साखर तयार होणं मंदावतं. टर्पीनं बनवायला कार्बन भरपूर लागतो, ऊर्जाही भरपूर लागते. राळ हा झाडाच्या दृष्टीने महागडा माल आहे. शिवाय राळेचा दाब पेशींतल्या पाण्यावर अवलंबून असतो, हे वर आलंच. म्हणजे पाण्याच्या तुटवड्यात साठा कमी, दाब कमी आणि नवीन माल बनवायला कच्चा मालही कमी.

त्याच वेळी दुष्काळाशी लढणारी जनुकं वेगळी चालू होतात: पेशींतली प्रथिनं आणि पटलं कोरडी पडून मोडू नयेत म्हणून जपणारी डीहायड्रिन्स, पाण्याची ये-जा सांभाळणारी ॲक्वापोरिन्स. एकाच झाडाच्या तिजोरीतून दोन खर्च निघतात.

पण हे सरळ उतरत्या रेषेसारखं नसतं, आणि इथे विद्यार्थ्यांना मी थांबवते. पाणी थोडंसंच कमी झालं तर झाडाची वाढ आधी थांबते, प्रकाशसंश्लेषण मागाहून. मधल्या काळात साखर उरते आणि ती राळेकडे वळू शकते. म्हणून सौम्य कोरडेपणात एखादं झाड उलट जास्त राळ देतं. तीव्र आणि लांबलेल्या दुष्काळात मात्र ही शिल्लक संपते. दुष्काळाने पाईन कमजोर होतो, असं सरसकट लिहिणारे आणि दुष्काळाने पाईन कणखर होतो असं लिहिणारे, दोघेही आपापल्या प्रयोगात खरं पाहिलेलं असूनही अपुरं सांगतात.

2016 मध्ये शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या प्रकरणाची किल्ली आहे, असं मला वाटतं. त्यांनी पाईनच्या दोन जातींची रोपं घेतली: लॉजपोल, जो या भुंगेऱ्याला आणि त्याच्या बुरशीला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, आणि जॅक पाईन, ज्याची त्यांच्याशी कधी गाठच पडली नव्हती. काही रोपांना भरपूर पाणी, काहींना कमी. मग खोडात ग्रोस्मानिया बुरशी टोचली.

लॉजपोलच्या सालीत बुरशीभोवतीचा काळपट डाग, म्हणजे झाडाने मारून टाकलेल्या, राळेने भरलेल्या पेशींचा पट्टा, जॅक पाईनपेक्षा वेगाने वाढला. पाणी कमी असताना दोन्ही जातींत तो उशिरा वाढला. जॅस्मोनिक आणि सॅलिसिलिक (हेही झाडाचं एक संरक्षक संप्रेरक) ही दोन्ही आम्लं दोन्ही जातींच्या प्रतिसादात होती. मात्र जॅक पाईन सॅलिसिलिक आम्लावर जास्त विसंबलेला दिसला. लॉजपोलमध्ये पाण्याच्या तुटवड्याने काही टर्पीनांची मुळातली पातळी वाढली, आणि काहींच्या बाबतीत बुरशीनंतरची उसळी बोथट झाली. जॅक पाईनमध्ये तसं झालं नाही. तिथे पाणी भरपूर मिळालेल्या रोपांनीच बुरशीला उत्तर म्हणून जास्त राळवाहिन्या बांधल्या, तहानलेल्यांनी नाही.

हे निष्कर्ष सावकाश वाचावेत असे आहेत. ज्याने शत्रू कधी पाहिला नाही, त्या जॅक पाईननेही हाक ओळखली, उत्तर दिलं. म्हणजे 'संरक्षक जनुकं चालू झाली का?' या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे होकारार्थीच आहे. फरक पडला तो कुठला संप्रेरक पुढे, किती वेगाने, किती जोराने आणि बांधकामाला पाणी होतं की नाही, यात.

ओळख नसलेली झाडं

हा प्रयोग शास्त्रज्ञांनी कुतूहलापोटी केलेला नाही. 2006 च्या उन्हाळ्यात भुंगेऱ्यांचे थवे वाऱ्यावर स्वार होऊन रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात, ग्रँड प्रेरीच्या भागात उतरले. 2011 मध्ये त्यांनी जॅक पाईन गाठल्याचं जनुकीय तपासणीतून निश्चित झालं. जॅक पाईनची जंगलं तिथून पार अटलांटिकपर्यंत पसरलेली आहेत.

लॉजपोलच्या राळेत बीटा-फेलँड्रीन जास्त असतं. जॅक पाईनच्या राळेत अल्फा-पायनीनचा वरचष्मा असतो. म्हणजे भुंगेऱ्याला दवंडीसाठी लागणारा कच्चा माल जॅक पाईन जास्त पुरवतो. दोन जातींतल्या टर्पीन बनवणाऱ्या जनुकांची तुलना 2013 मध्ये झाली आहे. एकमेकांशी कमालीची मिळतीजुळती जनुकं, आणि तरी कुठलं टर्पीन जास्त बनेल यात फरक. एखाददुसऱ्या विकराच्या कलाने एक अख्खं जंगल शत्रूसाठी सोयीचं ठरू शकतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ ते पान उलटू शकले नव्हते.

खुद्द लॉजपोलमध्येही हा भेद आहे. प्रांताच्या उत्तरेला, जिथे थंडीमुळे भुंगेरा पूर्वी टिकत नव्हता, तिथली झाडं त्याच जातीची. पण 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या झाडांत भुंगेऱ्याची प्रजा जुन्या, परिचित जंगलांपेक्षा जास्त वाढल्याचं आढळलं. जिथे भुंगेरा वारंवार येत राहिला तिथे दुबळी झाडं पिढ्यान्‌पिढ्या गळत गेली. जिथे तो आला नाही तिथे ही चाळण लागलीच नाही.

पाईनच्या जनुकसंचाचा आकार सांगायला हवा. 2014 मध्ये लॉब्लॉली पाईन या अमेरिकी जातीचा जनुकसंच वाचला गेला: सुमारे 2,200 कोटी बेस जोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरं, माणसाच्या सातपट. त्यातला बराच भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा आहे. एवढ्या मोठ्या पोथीतून नेमका उपयोगी श्लोक शोधायला वेळ लागतो आणि म्हणूनच या क्षेत्रातलं बरंचसं काम अजून रोपांवर, एकेका जनुकाच्या मागे लागून चाललेलं आहे.

जी उरली

एवढ्या विध्वंसातही प्रत्येक डोंगरावर काही मोठी झाडं उभी राहिली. ती नशिबाने वाचली की त्यांच्यात काही वेगळं होतं?

कोलोरॅडोत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात लॉजपोल आणि लिंबर पाईनच्या मेलेल्या आणि वाचलेल्या झाडांच्या खोडांतून पेन्सिलीएवढे बारीक नमुने काढले गेले. भिंगाखाली प्रत्येक वर्षवलयातले राळवाहिन्यांचे ठिपके मोजता येतात. वाचलेल्या झाडांत राळवाहिन्यांवरचा खर्च जास्त होता. मोंटाना विद्यापीठातल्या डायना सिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये उंचावरच्या जंगलातल्या व्हाइटबार्क आणि लॉजपोल पाईनची जनुकीय तपासणी केली. वाचलेली झाडं बाकीच्यांपेक्षा जनुकीयदृष्ट्या वेगळी निघाली.

ब्रिटिश कोलंबियात साथीच्या काळात तोडीची मर्यादा वाढवून दिली गेली, म्हणजे मेलेलं लाकूड सडण्याआधी काढता यावं. निळं पडलेलं लाकूडही विकलं गेलं. त्याचं बळ कमी झालेलं नसतं. गावांना रोजगार टिकवायचा होता आणि त्यांची अडचण खरी होती. लाकूड संपल्यावर बऱ्याच सॉ मिल बंद पडल्या, तेव्हा ती अडचण आणखी खरी ठरली. पण सरसकट तोडीत मेलेल्यांबरोबर जिवंत झाडंही जातात, आणि चाळणीतून उरलेलं हेच तर बियाणं आहे. कोकणात किंवा देशावर कुठलाही शेतकरी रोग पडलेल्या शेतातून तगलेल्या ताटाचं कणीस वेगळं काढून ठेवतो. त्याला टर्पीनं ठाऊक नसतात, कणीस ठाऊक असतं. जंगलाच्या बाबतीत तेवढी काळजी घेतली जावी, असं मला मनापासून वाटतं.

अल्बर्टाने वेगळा मार्ग धरला. दर शरद ऋतूत हेलिकॉप्टरमधून तांबडी झाडं हेरायची, त्यांच्या आसपासची अजून हिरवी पण भुंगेऱ्यांनी भरलेली झाडं पायी फिरून शोधायची आणि हिवाळ्यात ती एकेक करून तोडून जाळायची. 2019 नंतरच्या कडक थंडीनेही हात दिला आणि तिथली संख्या पुष्कळ घटली.

दरम्यान प्रिन्स जॉर्जच्या भोवती पडलेल्या खोडांमधून लॉजपोलची रोपं वर येत आहेत. या झाडाच्या बऱ्याच शंकूंच्या खपल्या राळेनेच चिकटवलेल्या असतात. वणव्याच्या आचेने किंवा जमिनीवर पडल्यावर उन्हाच्या तापाने राळ वितळते, खपल्या उघडतात, बी सुटतं. एखादं रोप हातात घेऊन सुई चुरगाळली तर वास येतो, कापरासारखाच पण जरा हिरवट. पाच-सात वर्षांच्या त्या रोपाच्या खोडात राळवाहिन्या आहेत, भरत आहेत. भुंगेऱ्याला त्याची साल पुरेशी जाड व्हायला अजून काही दशकं आहेत.